जोडीदाराचं घोरणं कसं कमी करावं: आठवड्याला एकच उपाय

घोरण्याची गंमत अशी की घोरणाऱ्याला ते ऐकूच येत नाही. "काल किती घोरलात!" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "मी? मी तर जागाच होतो." आमच्या घरात हा संवाद वीसेक वर्षं चालला. त्यातून एवढं कळलं की उपाय घोरणाऱ्यावर करायचे असले, तरी ते लागू पडले की नाही हे सांगणारं माणूस एकच असतं: शेजारी जागं असलेलं. हा लेख त्या जागणाऱ्यासाठी आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचं मूळ श्वासाच्या वाटेत येतं. खिडकीच्या फटीतून वारा शिरला की पडदा फडफडतो, तसं अरुंद वाटेतून जोरात जाणाऱ्या हवेने ते सगळं थरथरतं, आणि आवाज होतो. वाट अरुंद कशामुळे झाली ते मात्र माणसागणिक वेगळं. कुणाचं नाक चोंदलेलं असतं, कुणाची मान भरलेली, कुणाचा रात्रीचा पेग नडतो, कुणी नुसतं उताणं झोपतं म्हणून घोरतं. त्यामुळे मावशीच्या यजमानांना ज्याने गुण आला, त्याने तुमच्याकडे येईलच असं नाही. आणि सोमवारी एकदम पाच उपाय सुरू केले, तर शनिवारी कशाने फरक पडला ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून आठवड्याला एकच.

पहिला आठवडा: काही करू नका, ऐका

उशाशी एक वही ठेवा. रोज सकाळी चार गोष्टी लिहायच्या: घोरणं साधारण कधी सुरू झालं, त्या वेळी माणूस उताणा होता की कुशीवर, रात्री काय आणि किती वाजता खाल्लं-प्यायलं, नाक मोकळं होतं का. सोबत मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण आधी सांगून. चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून समोर ठेवलं की माणूस उपायाला तयार होण्याऐवजी वकिली सुरू करतो. ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

मी पहिल्यांदा असं रेकॉर्डिंग केलं, तेव्हा पहाटे चारच्या सुमाराला त्यात एक दुसराच बारीक आवाज निघाला. तो माझा होता. पाळी गेल्यानंतर बायकांचंही घोरणं वाढतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे या विषयावर सगळेच खालच्या पट्टीत बोलतात.

या आठवड्यात एका गोष्टीकडे कान देऊन लक्ष ठेवा: मोठं घोरणं चालू असताना अचानक शांतता होते का? दहा सेकंद, कधी जास्तही, श्वासच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा हिसका देऊन पुन्हा सुरू? तसं होत असेल तर पुढचे आठवडे घालवू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

दुसरा आठवडा: कूस

घरगुती उपायांत सगळ्यात भरवशाचा आणि फुकटचा हाच. उताणं झोपलं की जीभ आपल्याच वजनाने मागे घशाकडे घसरते. कुशीवर वळलं की ती बाजूला पडते आणि वाट मोकळी होते. दुपारच्या डुलकीला आपण वामकुक्षी म्हणतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. म्हणजे कसं झोपायचं ते शब्दातच सांगून ठेवलंय, आपणच ते विसरून सोफ्यावर तोंड उघडं टाकून उताणे पडतो. (घोरण्यापुरती उजवी कूसही चालते. जेवण घशाशी येत असेल तर डावी बरी.)

अडचण अशी की झोपताना कुशीवर असलेला माणूस तासाभरात उताणा होतो, आणि रात्रभर "अहो, कुशीवर व्हा" म्हणत कोपर मारत बसलं तर तुमची झोप जातेच. ते काम चेंडूवर सोपवा:

1. छातीवर खिसा असलेला जुना टी-शर्ट घ्या आणि तो पुढचा भाग मागे करून घालायला द्या. खिसा पाठीवर, खांद्याच्या फऱ्याजवळ येतो.
2. खिशात टेनिसचा चेंडू घाला आणि खिशाचं तोंड चार टाके घालून शिवून टाका. सेफ्टी पिन नको, रात्री उघडली तर टोचेल.
3. खिशाचा शर्ट नसेल तर जुन्या मोज्यात चेंडू घालून तो मोजा बनियनच्या पाठीवर, दोन फऱ्यांच्या मध्ये शिवा. कमरेजवळ नको, कणा दुखतो.
4. पहिल्या दोन-तीन रात्री शिव्या खाव्या लागतील. त्या खा. उताणं होताना चेंडू टोचतो, माणूस पुरता जागा न होता परत कुशीवर वळतो.

चेंडूला साफ नकार मिळाला तर पाठीशी लांब लोड किंवा घट्ट गुंडाळलेली गोधडी लावा, आणि पुढे मिठी मारायला एक उशी द्या. आमच्याकडे चेंडू अकरा दिवस टिकला, मग तो नातवाने पळवला. लोड अजून आहे.

उशीचंही याच आठवड्यात बघून घ्या. डोकं उंच हवं म्हणून दोन-तीन उशा रचल्या की मान मोडते, हनुवटी छातीकडे येते आणि वाट आणखी चेपते. उंची द्यायचीच तर पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली साधारण चार इंचांचे लाकडी ठोकळे सरकवा. पलंग हलत नाही ना, ते आधी हलवून बघा.

तिसरा आठवडा: नाक

नाक बंद असलं की तोंड उघडतं, आणि उघड्या तोंडाने घोरणं वाढतं. वहीत "नाक चोंदलेलं" असं बऱ्याच रात्री लिहिलं गेलं असेल, तर हा आठवडा तुमचा. नसेल तर सरळ पुढे जा.

झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे जलनेती, हे करून बघण्यासारखं आहे. अर्धा लिटर पाण्यात सपाट एक छोटा चमचा साधं मीठ. याहून कमी किंवा जास्त झालं तर नाक चुरचुरतं. पाणी मात्र उकळलेलंच हवं: खळखळून निदान एक मिनिट उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. नळाचं नको, आणि घरच्या फिल्टरचंही थेट नको. केरळमधल्या मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्या 2025 मध्ये तुम्ही वाचल्या असतील. तो पाणी पिऊन होत नाही, नाकातून वर गेलेल्या पाण्यातून होतो. धोका दुर्मीळ आहे, पण टाळायला गॅसवर एक पातेलं ठेवणं एवढंच लागतं. नेतीचं भांडंही प्रत्येक वेळी धुऊन वाळवा.

नेती जमत नसेल तर वाफ घ्या, किंवा औषधांच्या दुकानात मिळणारी नाकावर लावायची पट्टी वापरून बघा. ती नाकपुड्या बाहेरून ताणून धरते. नाक तत्काळ उघडणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांच्या पुढे घालू नका. त्यांची सवय लागली की थेंब सोडताच नाक पहिल्यापेक्षा जास्त बंद होतं.

आणि खोली. पावसाळ्यात भिंतीला ओल, कपाटात बुरशी, पंख्याच्या पात्यांवर वर्षाची धूळ, आणि आपण नाकाला दोष देतो. गाद्या-उशा उन्हात टाका, अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, एसीची जाळी काढून साफ करा.

चौथा आठवडा: संध्याकाळ

दारूने घशाचे स्नायू नेहमीपेक्षा जास्त सैल पडतात. एरवी न घोरणारा माणूसही पार्टीच्या रात्री गाडी सुरू करतो, ते यामुळे. सोडणं जमत नसेल तर निदान झोपेच्या तीन-चार तास आधी ग्लास खाली ठेवायचा. झोपेच्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. सिगारेटने घशाला आणि नाकाला सूज येते. जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. शहरात रात्री दहाला ताट वाढणाऱ्या घरांत हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, म्हणून रात्रीचं ताट निदान हलकं करा. जागरणानंतरही घोरणं वाढतं, कारण थकलेलं शरीर जास्तच सैल पडतं.

हळू चालणारे दोन उपाय

हे आठवड्यात दिसत नाहीत, महिने लागतात.

पहिला, जिभेचा व्यायाम. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2015 साली तीन महिने तो करून घेतला, तेव्हा घोरण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. त्यातले चार प्रकार घरी सहज होतात. जिभेचं टोक टाळूला लावून मागे सरकवणं. अख्खी जीभ टाळूला चिकटवून वर ओढणं. टोक खालच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली दाबणं. आणि पडजीभ वर उचलली जाईल असा "आ" म्हणणं. प्रत्येक वीस वेळा, दिवसातून तीनदा.

याच जातीचा एक देशी प्रकार शंख वाजवणं. जयपूरच्या डॉक्टरांनी झोपेत श्वास अडणाऱ्या 30 जणांवर केलेला छोटा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान पंधरा मिनिटं शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि रात्री श्वास अडणंही घटलं. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर उपचार सोडून देऊ नयेत. पण देवघरात शंख नुसताच पुजला जात असेल तर तो वाजवायला हरकत नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया किंवा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्यांनाही.

दुसरा, वजन. शिंप्याची टेप घेऊन मान मोजा. पुरुषाची मान 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर, आणि बाईची 16 इंच, म्हणजे साधारण 41, यापुढे असेल तर श्वास अडण्याचा धोका वाढतो. सगळं वजन उतरवायची गरज नसते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका मोठ्या अभ्यासात वजन दहा टक्क्यांनी कमी झालेल्यांचं श्वास अडणं सुमारे पाव हिश्शाने कमी झालेलं दिसलं. ऐंशी किलोच्या माणसाला ते आठ किलो. पण बारीक माणसंही घोरतात. हनुवटी आत असेल, जबडा लहान असेल, तर किलोंचा दोष नाही.

यावर वेळ घालवू नका

हळदीचं दूध चांगलं लागतं, घशाची वाट त्याने रुंद होत नाही. रात्री आडवं पडून रोज नाकात तेल किंवा तूप सोडत राहिलं तर ते फुप्फुसात उतरून त्रास होऊ शकतो. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायची नवी टूम मोबाइलवर फिरते आहे, ती तर नाक बंद असणाऱ्याला किंवा श्वास अडणाऱ्याला घातकच.

आणि तुमचं? उपाय लागू पडेपर्यंत मऊ फोमचे कानातले बोळे वापरा, आणि त्यांच्या आधी वीस मिनिटं झोपायला जा. फारच झालं तर वेगळ्या खोलीत झोपा. लोक काय म्हणतील याची काळजी आठ तास झोप झाली की निम्मी होते.

वही घेऊन डॉक्टरांकडे

घोरण्यामध्ये श्वास थांबतो, गुदमरून जाग येते, सकाळी डोकं दुखतं, दिवसा गाडी चालवताना किंवा बोलता बोलता डोळा लागतो, रक्तदाब गोळ्या घेऊनही उतरत नाही: यातलं काहीही असेल तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, असू शकतो. चेंडूने तो बरा होत नाही. उपचार झाले नाहीत तर रक्तदाब, हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात यांचा धोका वाढतो. बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. लहान मूल रोज घोरत असेल, किंवा गरोदरपणात घोरणं नव्याने सुरू झालं असेल, तर तिथेही घरगुती प्रयोग नकोत.

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर एका रात्रीची झोपेची तपासणी सांगतात. काही ठिकाणी त्याचं यंत्र घरी लावून मिळतं. ताशी पाच किंवा जास्त वेळा श्वास अडत असेल तर पुढचा विचार होतो. मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप हे यंत्र 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे मांडलं, आणि आजही त्यावरच मुख्य भिस्त आहे. त्याचा आवाज लहान पंख्याएवढा असतो.

डॉक्टरांकडे त्यांना एकट्याला पाठवू नका. "झोप कशी लागते?" या प्रश्नाला ते "एकदम मस्त" असं उत्तर देऊन परत येतील. शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसा, वही उघडा आणि रेकॉर्डिंग लावा.