अँटिऑक्सिडंट आणि पेशीतला दाह : या चुका टाळा

दाह म्हणजे आग आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे तिच्यावर ओतायचं पाणी, या समजातूनच पुढच्या बहुतेक चुका होतात. जंतू शिरला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे आक्रमक रेणू (फ्री रॅडिकल आणि त्यांचे भाऊबंद) मुद्दाम तयार करतात. ते त्यांचं हत्यार आहे. हेच रेणू थोड्या प्रमाणात पेशीला निरोपही पोचवतात. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी पेशीत बांधून ठेवलेलं असतं. निरोप मिळाला की ते सुटतं, केंद्रकात जातं आणि आयएल-६, टीएनएफ अशी दाह वाढवणारी रसायनं बनवायला लावतं. त्याच्या उलट बाजूला एनआरएफ-२ हे प्रथिन आहे. ते सुटलं की पेशी स्वतःचं ग्लुटाथिओन (पेशीतलंच अँटिऑक्सिडंट) आणि संरक्षक एन्झाइम्स वाढवते.

भाजीपाल्यातले पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट संयुगं, रक्तात फारच कमी पोचतात. बरेचसे थेट मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. इतक्या कमी प्रमाणात ते फ्री रॅडिकल टिपत बसतील, हे संभवत नाही. त्यांचा उपयोग मुख्यतः एनएफ-कप्पा-बी आणि एनआरएफ-२ या दोन बटणांना हलकासा धक्का देण्यात असावा. म्हणून ‘जास्त घेतलं की जास्त फायदा’ हा हिशेब इथे लागू होत नाही.

मोठ्या डोसच्या गोळ्या

सगळ्यात महाग चूक हीच. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, सुमारे 18 टक्के जास्त आढळला (1994). ‘ई’ जीवनसत्त्वाच्या रोज 400 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) डोसच्या अमेरिकी चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के वाढलेला दिसला (2011). सिगारेट ओढणाऱ्याने गाजरं खुशाल खावीत, बीटा-कॅरोटीनची कॅप्सूल मात्र नको.

‘सी’ जीवनसत्त्वाचं गणित सोपं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार रोज पुरुषांना 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅम पुरतं. रोज 200 ते 400 मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, उरलेलं लघवीवाटे जातं. 2 ग्रॅमच्या वर जुलाब होऊ शकतात, आणि किडनी स्टोन होण्याची प्रवृत्ती असेल तर धोका वाढतो. स्टेशनबाहेर मीठ-मसाला लावून मिळणाऱ्या एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून वर उरतं. (मीठ बेतानेच घ्या, रक्तदाब असेल तर नकोच.)

जिमला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जर्मनीत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवडे व्यायामाबरोबर रोज 1000 मिलिग्रॅम ‘सी’ आणि 400 आययू ‘ई’ दिलं गेलं. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, ती सुधारणा या लोकांमध्ये दिसलीच नाही. व्यायामातून निर्माण होणारा ताण हाच सुधारणेचा निरोप असतो आणि गोळीने तो पुसला गेला.

हळद : थोडक्यात भागेल अशी अपेक्षा

अर्धा चमचा हळद साधारण दीड ग्रॅम. त्यात कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) 3 टक्के धरलं तर 45 मिलिग्रॅम होतं. चाचण्यांमध्ये सहसा 500 मिलिग्रॅम किंवा जास्त वापरतात. हळद-दूध प्यायला हरकत नाही, पण ते संधिवाताच्या औषधाची जागा घेत नाही. रोजच्या स्वयंपाकात हळद तेलात परतून वर मिरीपूड घातली तर शोषण सुधारतं. कॅप्सूलची गोष्ट निराळी. पायपरीन (मिरीतला तिखट घटक) घातलेल्या कर्क्युमिनमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि पायपरीन इतर औषधांची रक्तातली पातळीही वाढवू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

स्वयंपाकघरात कुठे बिघडतं

ब्रोकोलीतलं सल्फोराफेन एनआरएफ-२ जागं करतं. पण ते भाजीत तयार नसतं. चिरल्यावर मायरोसिनेज हे एन्झाइम त्याच्या पूर्वरूपापासून ते बनवतं, आणि हे एन्झाइम उकळत्या उष्णतेत मरतं. भाजी चिरून 40 मिनिटं तशीच ठेवा, मग 3-4 मिनिटं वाफवा. घाई असेल तर वाफवलेल्या भाजीवर अर्धा चमचा कच्च्या मोहरीची पूड भुरभुरा. मोहरी पाण्यात फेसल्यावर नाकात जी झिणझिणी जाते, ती याच एन्झाइमची करामत. फोडणीत तडतडलेली मोहरी हे काम करत नाही, तिच्यातलं एन्झाइम गेलेलं असतं.

लसणातही एन्झाइमला वेळ लागतो, म्हणून ठेचून लगेच तेलात टाकू नका. 10 मिनिटं थांबा. टोमॅटोचं मात्र उलट. तेलात शिजवला की त्यातलं लायकोपीन अधिक शोषलं जातं. पालेभाजी आधी चिरून मग धुतली तर ‘सी’ पाण्यात निघून जातं. लिंबू डब्यात सकाळी पिळू नका, जेवताना पिळा. आवळा कच्चा खाणं उत्तम. मोरावळ्यात जीवनसत्त्वाची घट होते आणि साखर वाढते.

जेवणाला जोडूनच कटिंग घेण्याची सवय असेल तर तासाभराचं अंतर ठेवा. चहातले टॅनिन्स लोहाचं शोषण अडवतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी तर हे पाळाच.

पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात स्निग्धांशाचे विषारी अल्डिहाइड्स बनतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) तळणीच्या तेलातल्या पोलर संयुगांची, म्हणजे तेल खराब झाल्याची खूण असलेल्या पदार्थांची, मर्यादा 25 टक्के आहे. वड्यावर लिंबू पिळल्याने तेल सुधारत नाही. घरी तळलेलं तेल गाळून एकदा भाजीला वापरा, तळायला परत नको.

तपासणी चुकीच्या वेळी

आहार बदलल्याचा परिणाम बघायला एचएस-सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी जास्त संवेदनशील तपासणी) करायची असेल, तर साधी सीआरपी करू नका. ती कमी पातळीवर पुरेशी अचूक नसते. एकक पाहा: 0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच 3 मिलिग्रॅम प्रति लिटर. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये 1 च्या खाली चांगलं, 3 च्या वर हृदयविकाराची जोखीम जास्त, आणि 10 च्या वर आकडा गेला तर बहुधा अंगात संसर्ग आहे. पावसाळ्यात तापानंतर लगेच केलेली तपासणी फुकट जाते. बरं वाटल्यावर किमान दोन आठवडे थांबा, आणि आहार बदलल्यानंतरची तुलना 8 ते 12 आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये करा. तरीही आकडा हलला नाही तर पोटाचा घेर, हिरड्यांचा आजार, झोप, तंबाखू आणि गर्भनिरोधक गोळ्या यांची चौकशी आधी करा, मग ताटाची.