नाटा ते कासाने: हत्तींच्या मुलखातून सायकलने जाताना या चुका टाळा

बोत्स्वानाच्या उत्तरेला नाटा ते कासाने हा साधारण 300 किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. चढ जवळपास नाहीच, वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. मधलं मोठं गाव एकच, पांडामाटेंगा, तेही नाटापासून सुमारे 200 किलोमीटरवर. देशात अंदाजे 1,30,000 हत्ती आहेत, आणि त्यांतले बरेचसे याच उत्तर भागात. नकाशावर हा रस्ता अगदी सोपा दिसतो. आपल्या चुका होतात त्या घरून नेलेल्या चांगल्या सवयींमुळे.

पहाटे निघणं ही त्यातली पहिली सवय. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करणारे आपण ऊन चढायच्या आत पन्नास-साठ किलोमीटर उरकून टाकतो. इथे तसं करू नका. सिंह आणि तरस फिरतात ते अंधारात, आणि रस्त्याकडेला उभा असलेला राखाडी हत्ती हेडलाइटमध्येही फार उशिरा दिसतो. नीट उजाडल्यावर निघा, मावळायच्या तासभर आधी थांबा. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि उजेड जेमतेम 11 तास मिळतो, तेव्हा दिवसाला 100 किलोमीटरच धरा. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो, म्हणून तो महिना टाळाच.

दुसरी चूक हत्ती ओळखण्यातली. आपल्याकडे मोठे सुळे दिसले की तो नर. आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात. एकटा नर समजून तुम्ही पुढे सरकता आणि ती निघते कळपातली आई, पिल्लू झुडपामागे. म्हणून एक हत्ती दिसला की बाकीचे कुठे आहेत ते शोधा. शंभरेक मीटर अलीकडेच थांबा, घंटी वाजवू नका, वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहतोय का ते पाहा. कान पसरून तुमच्याकडे तोंड केलं, डोकं झटकलं, तर तो इशारा समजा आणि तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे या. नराच्या कानशिलावरून ओघळ दिसत असेल तर तो माजावर असू शकतो, त्याला आणखी लांब ठेवा. अर्धा तास थांबावं लागलं तरी थांबा. ट्रक आला तर हात करा, सायकल वर टाका आणि तेवढे दोन किलोमीटर पार करा. सलग सायकल चालवल्याचा हट्ट इथे धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सिंह समोर आला तर पॅडल मारत पळू नका, पळणाऱ्याचा पाठलाग होतो. उतरा, सायकल मध्ये धरा, त्याच्याकडे बघत मागे सरका.

मुक्काम पाण्याजवळ करायचा मोह होतो. नदीकाठ हा रात्री पाणघोड्यांच्या चरण्याचा रस्ता असतो. त्यापेक्षा गावात, लॉजच्या आवारात किंवा पोलीस ठाण्याशेजारी जागा मागा. आधी बाईंना ‘दुमेला म्मा’, पुरुषांना ‘दुमेला र्रा’ म्हणा. नमस्काराआधी काम सांगणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. संत्री-मोसंबी तंबूत ठेवू नका, हत्तींना त्यांचा वास लांबून येतो. रात्री तंबूची चेन बंद, बाहेर पडायचं नाही.

पंक्चर काढूनही पुन्हा हवा जातेय? आपल्या शेतात असतो तोच सराटा तिथेही आहे. ट्यूबला ठिगळ लागतं, पण काट्याचं टोक टायरमध्येच राहतं. टायर आतून कापडाने पुसत जा. कापड अडेल तिथे काटा. आणि डांबर सोडलं की सायकल ढकलू नका, उचलून न्या.

वाटेत पशुवैद्यकीय नाके लागतात. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने तिथे कच्चं मांस काढून घेतात, बूट औषधी पाण्यात बुडवायला लावतात. त्यासाठी हुज्जत घालू नका.

मलेरियाच्या गोळ्या मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या. घरी आल्यावर काही आठवड्यांनीही ताप आला, तर दवाखान्यात पहिलं वाक्य ‘मी बोत्स्वानात होतो’ हेच असू द्या.