दुसऱ्या पानावर तीच नोंद पुन्हा : नव्या डेव्हलपरसाठी पेजिनेशनचा अनुभव

नाशकात छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी नवी वेबसाइट बांधायला मिळेल, ही अपेक्षा बाजूला ठेवा. हातात पडते ती कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली पीएचपी-मायएसक्यूएलची स्क्रिप्ट. कधी अंबडच्या कारखान्याचं स्टॉक रजिस्टर असतं, कधी द्राक्ष बागायतदारांच्या औषध फवारणीच्या नोंदी, कधी कांदा व्यापाऱ्याच्या आवकेचा हिशेब. आणि त्या स्क्रिप्टबद्दल हमखास येणारी तक्रार असते, 'पुढचं पान नीट चालत नाही.'

आमच्याकडे येणाऱ्या नवख्यांना मी हेच काम मुद्दाम आधी देते. पेजिनेशन म्हणजे दहा-दहा नोंदी दाखवण्याची किरकोळ सोय वाटते, पण ती दुरुस्त करताना वेबपत्त्यातून येणारी माहिती, क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा), मोजणी, क्रम आणि इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) या सगळ्यांशी गाठ पडते. बीसीएच्या पुस्तकातली डेटाबेसची प्रकरणं इथे खऱ्या अर्थाने कामाला येतात.

गणित सोपं आहे. पान क्रमांकातून एक वजा करा, त्याला एका पानावरच्या नोंदींनी गुणा. तेवढ्या नोंदी सोडून पुढच्या घ्यायच्या. तिसऱ्या पानासाठी 'लिमिट २०, १०', म्हणजे वीस सोडा आणि दहा घ्या. मायएसक्यूएलमध्ये स्वल्पविराम वापरला तर आधी सोडायच्या नोंदी येतात आणि नंतर घ्यायच्या. 'लिमिट १० ऑफसेट २०' असं लिहिलं तर क्रम उलटा. ही अदलाबदल डोळ्याला चटकन दिसत नाही, म्हणून मी नेहमी 'ऑफसेट' शब्द लिहूनच क्वेरी करायला सांगते.

तक्रार आली की कोड वाचत बसण्याआधी तयार झालेली क्वेरी स्क्रीनवर छापा. पहिल्या पानाची, दुसऱ्या पानाची, शेवटच्या पानाची. तिन्ही क्वेरी शेजारी ठेवल्या की बहुतेक दोष तिथेच उघडे पडतात. दुसऱ्या पानावरही ऑफसेट, म्हणजे सोडायच्या नोंदींचा आकडा, शून्यच असेल, तर पान क्रमांक क्वेरीपर्यंत पोहोचतच नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये याचं एक ठरलेलं कारण सापडतं. पूर्वी पत्त्यातलं 'पेज' हे नाव पीएचपीत आपोआप व्हेरिएबल होऊन हजर व्हायचं. रजिस्टर ग्लोबल्स नावाची ही सोय पीएचपी ४.२ पासून, म्हणजे २००२ पासून, मुळातच बंद अवस्थेत येऊ लागली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकली. सर्व्हर बदलला की अशी स्क्रिप्ट कायम पहिल्याच पानावर अडकते. पान क्रमांक गेट ॲरेमधून (पत्त्यातली माहिती पीएचपी जिथे ठेवते तिथून) घ्या, त्याचा पूर्णांक करा आणि एकपेक्षा कमी आला तर एक धरा. शून्य क्रमांक आला तर ऑफसेट उणे होतो आणि मायएसक्यूएल सरळ चूक दाखवतो.

पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याची पीएचपीतली सोय, वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. लिमिटच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून आकडे एक्झिक्यूटच्या ॲरेत दिले की ते अक्षरमाळा म्हणून, अवतरणचिन्हांत जातात आणि सिंटॅक्सची चूक येते. तिथे बाइंड व्हॅल्यू वापरून आकडा पूर्णांक आहे असं स्पष्ट सांगावं लागतं.

एकूण पानं चुकणं हा दुसरा प्रकार. नोंदी शेकडो आणि खाली पान एकच दिसतं, तेव्हा स्क्रिप्टने लिमिट लावलेल्या निकालातल्याच ओळी मोजलेल्या असतात. मोजणीची क्वेरी वेगळी हवी आणि तिची वेअरची (कुठल्या नोंदी निवडायच्या ती) अट यादीच्या अटीशी तंतोतंत जुळायला हवी. एकाच ठिकाणी अट तयार करून दोन्ही क्वेरींना जोडावी. यादीच्या क्वेरीतूनच एकूण आकडा काढण्याची फाउंड रोजची जुनी युक्ती मायएसक्यूएल ८.०.१७ पासून नापसंतीच्या यादीत गेली आहे, नव्या कोडमध्ये ती आणू नका. शोधलेलं नाव दुसऱ्या पानावर हरवत असेल, तर पुढच्या पानाच्या लिंकमध्ये शोधाची अटही जोडा. एचटीटीपी बिल्ड क्वेरी हे फंक्शन त्यासाठीच आहे.

आता ज्या दोषासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवरून दिवाणजींचा फोन आला होता. "ताई, निफाडची गाडी दोनदा दिसती, अन् चांदवडवाली कुठंच नाही." टेबलमध्ये दोन्ही गाड्या एकेकदाच होत्या. मोजणी बरोबर, ऑफसेट बरोबर. तरीही दिवाणजींचं म्हणणं खरं होतं.

क्वेरीत क्रम होता तारखेचा, नवी तारीख वर. पण लिलावाच्या दिवशी एकाच तारखेला कितीतरी गाड्या येतात. त्या सगळ्यांची तारीख सारखीच असेल, तर त्यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण, हे आपण डेटाबेसला सांगितलेलंच नसतं. मायएसक्यूएल अशा सारख्या ओळी कुठल्याही क्रमाने द्यायला मोकळा असतो, आणि तो क्रम प्रत्येक वेळी तोच राहील अशी हमी देत नाही. थोड्याच ओळी हव्या असतील तेव्हा तो पूर्ण यादी न लावता मेमरीत फक्त वरच्या तेवढ्या ओळी राखत जातो. ऑफसेट वाढला की वेगळी पद्धत निवडू शकतो. प्रत्येक पान ही स्वतंत्र क्वेरी असते. पहिल्या पानासाठी निफाडची गाडी दहावी लागली आणि दुसऱ्या पानासाठी अकरावी, तर ती दोन्ही पानांवर येणार. तिच्यामुळे जिची जागा गेली, ती कुठेच दिसणार नाही.

उपाय एका शब्दाचा आहे. तारखेच्या मागे आयडी जोडा: 'ऑर्डर बाय तारीख डिसेंडिंग, आयडी डिसेंडिंग'. क्रमाच्या शेवटी कधीही सारखी न येणारी कॉलम असलीच पाहिजे, यावर मी अडून बसते. ऑर्डर बाय अजिबात नसलेल्या क्वेरीचं तर याहून वाईट. इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण पद्धतीच्या) टेबलमध्ये ओळी बऱ्याचदा प्रायमरी कीच्या, म्हणजे इथे आयडीच्या, क्रमाने येतात, त्यामुळे महिनोन्महिने सगळं ठीक वाटतं. मग कुणीतरी शोध वेगवान व्हावा म्हणून नवा इंडेक्स टाकतो आणि यादीचा क्रम बदलतो. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीचा प्रश्न असतो, गाडी यादीत दिसली नाही तर पैसे थांबतात. म्हणून हा दोष मला इतर सगळ्यांपेक्षा गंभीर वाटतो.

आयडी जोडूनही दुसऱ्या पानावर पहिल्या पानाची नोंद दिसली, तर घड्याळाकडे पाहा. लिलाव सुरू असताना नव्या गाड्या वर भरत राहतात आणि खालच्या सगळ्या एकेक जागा सरकतात. रांगेत पुढे कुणी घुसलं की आपला नंबर मागे जातो, तसंच. इथे ऑफसेट सोडून द्यावा आणि शेवटी दिसलेल्या नोंदीची तारीख व आयडी पुढच्या पानाकडे पाठवावी: तारीख त्याहून जुनी, किंवा तारीख तीच आणि आयडी त्याहून लहान, अशा पुढच्या दहा. वेगही मिळतो, कारण 'लिमिट १००००० , १०' म्हटलं की डेटाबेस १,००,०१० ओळी वाचून त्यातल्या एक लाख फेकून देतो. तारखेवर इंडेक्स असेल तर नव्या पद्धतीत तो थेट जागेवर जातो. इनोडीबीच्या इंडेक्समध्ये प्रायमरी की मुळातच जोडलेली असते. यात थेट सदतिसाव्या पानावर उडी मारता येत नाही. दिवाणजींना ती लागते का, हे आधी विचारा. त्यांना बहुधा शेतकऱ्याच्या नावाने शोधायचं असतं.

जॉइनचा, म्हणजे दोन टेबलं जोडून यादी काढण्याचा, घोळही लक्षात असू द्या. एका गाडीच्या खर्चाच्या तीन ओळी असतील तर जॉइननंतर ती गाडी तीन ओळी घेते, आणि दहाच्या पानावर तीन-चारच गाड्या मावतात. आधी आतल्या क्वेरीत दहा गाड्यांचे आयडी काढा, खर्च मागाहून जोडा.

मुलाखतीला जाण्याआधी घरी एक सराव करा. साध्या टेबलमध्ये पन्नास-साठ नोंदी एकाच तारखेच्या भरा. मग छोटी स्क्रिप्ट लिहा, जी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत जाते आणि दिसलेले आयडी एका ॲरेत गोळा करते. तीन आकडे छापा: गोळा झालेले आयडी, त्यातले वेगळे आयडी आणि टेबलमधल्या एकूण नोंदी. तिन्ही जुळले पाहिजेत. नंतर क्रमातून आयडी काढून टाका, इंडेक्स बदला, पानाचा आकार बदला आणि पुन्हा चालवा. आकडे तरीही जुळले, तर क्रम पक्का आहे असं समजू नका. लहान टेबलमध्ये नशिबानेही जुळतात, नोंदी वाढवून पाहा. शेवटच्या पानावरची एकुलती नोंद डिलीट केल्यावर रिकामं पान येतं की आधीच्या पानावर नेलं जातं, हेही त्याच वेळी तपासून घ्या.