फॉलआउट ४ चा सर्व्हायव्हल मोड: नागपूरच्या उन्हाळ्यात

फॉलआउट ४ या व्हिडिओ गेमच्या या सगळ्यात कठीण मोडमध्ये गेम सेव्ह होतो तो मुख्यतः झोपल्यावरच. मधेच लाइट गेली, तर शेवटच्या झोपेनंतरचं सगळं पाण्यात. म्हणून वाटेत दिसेल त्या अंथरुणावर १ तास झोपा, सेव्हला तेवढं पुरतं. गेममधून बाहेर पडताना सेव्ह होतो, पण तो परत उघडला की पुसला जातो. त्याच्या भरवशावर राहू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

सुरुवातीलाच करिश्मा (पात्राचा एक गुण) ३ ठेवून लोन वॉन्डरर हा पर्क, म्हणजे एकट्यानं फिरणाऱ्याला मिळणारी खास क्षमता, घ्या. वजनाची मर्यादा ५० नं वाढते, आणि डॉगमीट हा गेममधला कुत्रा सोबत असला तरी पर्क चालतो. इथं गोळ्यांनाही वजन असतं, त्यामुळे दोनच बंदुकांच्या गोळ्या जवळ बाळगा.

खरा प्रश्न पाण्याचा, कारण इथं पात्राला तहान लागते. स्टिमपॅकनंही (जखमा भरणारं इंजेक्शन) तहान वाढते. सँक्चुअरी या सुरुवातीच्या वस्तीत आधी हातपंप बसवा: ३ पाणी, वीज नको. मग नदीत छोटा वॉटर प्युरिफायर टाका: १० पाणी, २ वीज. ३ विजेचा छोटा जनरेटर वायरनं जोडा. वस्तीला पुरून उरलेलं शुद्ध पाणी वर्कशॉपमध्ये (वस्तीतलं बांधकामाचं टेबल) साठतं, ते प्या किंवा विका. नदीचं पाणी थेट पिऊ नका, रेडिएशन चढतं.

फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वरच बांधा. त्यापुढे गेमचं फिजिक्स बिघडतं, वस्तू उडायला लागतात. ६० वर बांधला, तर मे महिन्यात लॅपटॉपही कमी तापतो. कूलरची ओली हवा मात्र थेट लॅपटॉपवर घेऊ नका.