पंधरा पावसाळे पाहिलेले बोल्ट: घरी इंजिन उतरवण्याचा अनुभव

आयटीआयमध्ये शिकत असताना मी वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरचे इंजिन घराच्या पडवीत उतरवले. कार्यशाळेत हे काम मी तोवर चार-पाच वेळा केले होते आणि नेमका त्यामुळेच फसलो. कार्यशाळेतली गाडी प्रत्येक तुकडी खोलते आणि पुन्हा जोडते, त्यामुळे तिचे बोल्ट पाना लावताच सुटतात. घरच्या गाडीच्या बोल्टांनी मात्र पंधरा पावसाळे पाहिलेले होते.

नवशिक्याने पहिल्यांदा हे ठरवावे की इंजिन खरोखर उतरवायला हवे का. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर दोष बहुधा पिस्टन रिंगा, ब्लॉक (ज्यात पिस्टन खाली-वर होतो) किंवा व्हॉल्व्ह सील यांत असतो, आणि १०० सीसीच्या अनेक गाड्यांत हेड (ब्लॉकवरचे झाकण) व ब्लॉक इंजिन चेसिसवर असतानाच काढता येतात. क्रँकचे बेअरिंग वाजत असेल किंवा गिअरबॉक्समध्ये बिघाड असेल, तर क्रँककेस, म्हणजे इंजिनचे खालचे कवच, दोन भागांत उघडावी लागते आणि त्यासाठी इंजिन खाली घ्यावेच लागते. आमच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड ठोकत होता, म्हणून दुसरा मार्ग नव्हता.

काम सकाळी सुरू करायचे असेल, तर त्याची तयारी आदल्या रात्री होते. गाडी धुऊन, सायलेन्सरचे नट आणि फाउंडेशनचे (इंजिन चेसिसला धरून ठेवणारे) बोल्ट यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. मी ते केले नाही. सायलेन्सरचा दुसरा नट हलेना, तेव्हा पान्याला पाइप लावून जोर दिला आणि नट सुटण्याऐवजी हेडमधला स्टड (ज्या आटेदार दांड्यावर नट बसतो तो) मुळाशी तुटला. तो ड्रिल करून काढायला आणि नवे आटे पाडून घ्यायला हेड लेथवाल्याकडे न्यावे लागले. अडकलेला नट आधी केसभर आवळून मग सोडवायचा असतो, ही गोष्ट मला त्या लेथवाल्याने शिकवली.

खोलण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. इंजिन थोडे गरम असतानाच ऑइल काढावे, कारण पातळ झालेले ऑइल गाळासकट बाहेर येते. ते गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्यावे. नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि मग कार्ब्युरेटर, क्लच केबल, प्लगची कॅप, मॅग्नेटोचे (इंजिनच्या बाजूला बसलेल्या, वीज तयार करणाऱ्या भागाचे) कपलर व न्यूट्रलची वायर ही जोडणी एकेक करून सुटी करावी. प्रत्येक वायर काढण्याआधी ती चेसिसच्या कोणत्या बाजूने गेली आहे, याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. चेनलॉक (चेनची दोन टोके जोडणारी कडी) काढताना त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे ना, हे पाहून ठेवावे, कारण बसवतानाही ते तसेच असावे लागते.

मात्र चेन काढण्याची घाई करू नये. मॅग्नेटोचा नट घट्ट असतो आणि इंजिन जमिनीवर आले की ते पान्याबरोबर फिरू लागते. इंजिन जागेवर असताना गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून सोबत्याला मागचा ब्रेक दाबायला सांगितले, की हाच नट सहज सैल होतो. फुटरेस्ट आणि ब्रेकचे पायडल आड येत असेल, तर ते यानंतरच काढावे.

शेवटी फाउंडेशनचे बोल्ट उरतात. क्रँककेसखाली लाकडी ठोकळा सरकवून इंजिनचा भार त्यावर घ्यावा, पण ठोकळा ऑइलच्या बोल्टावर टेकू देऊ नये. भार बरोबर उचलला गेला असेल, तर नट काढल्यावर बोल्ट बोटांनी ओढला तरी बाहेर येतो. हातोडी मारावी लागत असेल, तर ठोकळ्याची उंची चुकली आहे असे समजावे आणि बोल्ट ठोकून आटे घालवू नयेत. पुढचे वजन कमी होताच मेन स्टँडवरची गाडी मागे झुकते, म्हणून मागच्या चाकाखाली आधीच आधार द्यावा. उचलायला दोन माणसे हवीतच. एकाने उचलता येईल असे वाटले, तरी इंजिन वाकडे करून चेसिसमधून बाहेर काढताना बोट सापडते.

आम्ही ते जुन्या टायरवर ठेवले, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडे स्वच्छ चिंध्यांनी बुजवली आणि लांबी वेगवेगळी असलेले फाउंडेशनचे बोल्ट लगेच चेसिसच्या आपापल्या भोकांत परत अडकवून ठेवले.