अमेरिकी उपनगरांची वाढ जनगणनेच्या तक्त्यांतून कशी वाचावी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील एखाद्या शहरातून किती माणसे उपनगरांत गेली, हे जनगणनेच्या तक्त्यांतून स्वतः शोधायचे असेल, तर लोकसंख्येच्या आकड्यांना हात लावण्याआधी शहराची हद्द तपासावी. ह्यूस्टनची लोकसंख्या १९५० मध्ये ५,९६,१६३ होती, ती १९६० मध्ये ९,३८,२१९ झाली. उपनगरांनी या शहराची माणसे ओढून नेली नाहीत, असे यावरून वाटते. प्रत्यक्षात त्याच दशकात ह्यूस्टनने आजूबाजूचा प्रदेश आपल्या हद्दीत घेऊन क्षेत्रफळ जवळपास दुप्पट केले होते, त्यामुळे उपनगरी वस्तीही शहराच्याच खात्यात मोजली गेली.

सुरुवातीला म्हणूनच सेंट लुईस घ्यावे. हे शहर १८७६ मध्ये आपल्या काउंटीपासून (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागापासून) वेगळे झाले आणि पुढे त्याची हद्द वाढली नाही. शहर आणि काउंटी यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत: १९५० मध्ये शहरात ८,५६,७९६ आणि काउंटीत ४,०६,३४९; १९६० मध्ये अनुक्रमे ७,५०,०२६ आणि ७,०३,५३२. शहराची घट सुमारे १ लाख ७ हजार, तर काउंटीची वाढ सुमारे २ लाख ९७ हजार आहे. म्हणजे काउंटीची सगळी भर शहरातून आलेली नाही. १९४६ ते १९६४ या काळातील वाढलेले जन्म आणि बाहेरगावांहून आलेली कुटुंबेही तिच्यात आहेत.

घटीचा हा आकडाही जसाच्या तसा स्वीकारू नये. वंशनिहाय तक्ता उघडला की दिसते, की त्या दहा वर्षांत शहरातील गोरी लोकसंख्या १ लाख ६० हजारांहून अधिक घटली आणि कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे ६० हजारांनी वाढली, कारण दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेकडे होणारे स्थलांतर तेव्हाही चालूच होते. नव्याने आलेल्यांना उपनगराची वाट मोकळी नव्हती. १९३४ मध्ये स्थापन झालेले फेडरल गृहनिर्माण प्रशासन गृहकर्जांना विमा देई, पण कृष्णवर्णीय शेजार हा जोखमीचा मानी. वंशाच्या आधारे घरविक्रीवर बंधन घालणारे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्यातील मुख्य खटला सेंट लुईसमधल्याच एका घराचा होता, तरीही पुढच्या दशकाचे आकडे हे असे आहेत. माझ्या मते उपनगरांच्या वाढीसाठी महामार्गांपेक्षा वांशिक बंधनांचे हे कारण आधी तपासावे, कारण आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ चा आहे आणि उपनगरांकडचा ओघ त्याआधीच सुरू झाला होता.

‘नागरी’ या शब्दाची व्याख्या १९५० मध्ये बदलली, म्हणून १९४० शी तुलना करताना १९५० च्या खंडांत जुन्या व्याख्येनुसार दिलेलेच आकडे घ्यावेत. न्यूयॉर्कजवळचे लेव्हिटाउन हे महायुद्धानंतर वसवलेले उपनगर नगरपालिका असलेल्या शहरांच्या यादीत सापडणार नाही, कारण त्याला स्वतःची नगरपालिका नाही. त्यासाठी ते ज्यात येते तो नासाऊ काउंटीतील हेम्पस्टेड ‘टाउन’ हा विभाग पाहावा.

घरोघरच्या नोंदी ७२ वर्षे गोपनीय राहतात. १९५० च्या नोंदी एप्रिल २०२२ मध्ये खुल्या झाल्या, त्यामुळे त्या वर्षी एखाद्या गल्लीत कोण राहत होते हे नावानिशी पाहता येते; १९६० साठी मात्र २०३२ पर्यंत छोट्या जनगणना-विभागांच्या एकत्रित आकड्यांवरच काम करावे लागेल.