१९५३ च्या ओपनचा स्कोअर कसा वाचायचा

आजच्या गोल्फच्या सवयीने जुन्या ओपन चॅम्पियनशिपचे (ब्रिटनमधली गोल्फची मोठी स्पर्धा) आकडे बघितले तर सगळं डोक्यावरून जातं, म्हणून सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीची १९५३ ची ओपन घ्या, शिकायला एकदम बेस्ट. ती जिंकणाऱ्या अमेरिकन गोल्फर बेन होगनचे चार राउंड (एक राउंड म्हणजे १८ होल) एका ओळीत लिहून काढा: ७३, ७१, ७०, ६८. टोटल २८२. दर राउंडला फटके कमीच होत गेलेत, आणि गोल्फमध्ये कमी म्हणजेच भारी हे तर माहितीये. आता मेन गोष्ट, तेव्हा शेवटचे दोन राउंड एकाच दिवशी व्हायचे, म्हणजे ते ७० आणि ६८ मिळून एका दिवसातले ३६ होल आहेत, तेही १९४९ च्या कार अपघातात पायांची वाट लागलेल्या माणसाने चालत खेळलेले! ६८ तर तेव्हाचं कोर्स रेकॉर्ड, म्हणजे त्या मैदानावरचा सगळ्यात कमी स्कोअर.

मग सहावं होल बघा. डावीकडे कुंपण, पलीकडे बॉल गेला की आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेर), मध्ये बंकर (वाळूचा खड्डा), आणि या दोघांमधल्या चिंचोळ्या पट्टीत होगन ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) टाकायचा म्हणतात, म्हणून त्या होलचं नावच होगन्स ॲली, म्हणजे होगनची गल्ली, पडलं. उजवीकडून खेळणं सेफ, पण मग पुढचा फटका अवघड.

बॉलचा साइजही लक्षात घ्या, तेव्हा ब्रिटनचा बॉल १.६२ इंचाचा, अमेरिकेतल्यापेक्षा लहान, वाऱ्यात कमी भरकटणारा. दुसऱ्या नंबरवर २८६ घेऊन चौघं, त्यातल्या पीटर थॉमसनने पुढची सलग तीन वर्षं ओपन मारली. विजेत्याला बक्षीस? फक्त ५०० पौंड.